अपूर्ण कथेचा शेवट : ‘स्टार वॉर्स’ चित्रपटमालेविषयीच्या तर्कांची मीमांसा

कथा अर्ध्यावर थांबली की ऐकणारा तिचा शेवट मनाशी रचू लागतो. ही प्रवृत्ती कथेइतकीच जुनी आहे. परंतु तिची लेखी नोंद विपुल प्रमाणात होऊ लागली ती कादंबऱ्या हप्त्यांनी छापल्या जाऊ लागल्यानंतर. १८४१ साली डिकन्सची ‘बार्नबी रज’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होत असताना एडगर ॲलन पो याने आरंभीच्या प्रकरणांवरून खुनी कोण असावा याचे अनुमान छापून टाकले, आणि ते पुढे खरे ठरले. १८७० साली डिकन्स मरण पावला तेव्हा ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ या कादंबरीचे नियोजित बारांपैकी सहाच हप्ते लिहून झाले होते. तिच्या शेवटाविषयीचे तर्क त्यानंतर थांबले नाहीत. १९१४ साली तर लंडनमध्ये कादंबरीतील संशयित जॉन जॅस्पर याच्यावर लुटुपुटीचा खटला भरविण्यात आला, आणि त्यात चेस्टर्टन न्यायाधीश व बर्नार्ड शॉ ज्यूरींचा प्रमुख होता.

या दोन उदाहरणांत एक महत्त्वाचा भेद आहे. पहिल्यात लेखकाच्या मनात उत्तर ठरलेले होते. वाचकाने ते केवळ शोधून काढावयाचे होते. दुसऱ्यात उत्तर लेखकाबरोबरच नाहीसे झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विज्ञानकथात्मक चित्रपटमालांनी या दोहोंच्या मधली एक तिसरी स्थिती निर्माण केली. येथे कर्ता हयात असतो, काम चालू असते, परंतु उत्तर अद्यापि ठरलेले नसते. अशा स्थितीत प्रेक्षक जो तर्क करतो तो नेमका कशाविषयी असतो, आणि तो खरा किंवा खोटा ठरतो म्हणजे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विवेचनासाठी ‘स्टार वॉर्स’ ही अमेरिकन चित्रपटमाला घेतली आहे. १९७७ ते २०१९ या काळात तिचे नऊ मुख्य भाग तीन त्रयींत प्रदर्शित झाले, आणि तिच्या घडणीची कागदपत्रेही बऱ्याच प्रमाणात उपलब्ध आहेत.

१. दोन प्रश्न आणि तीन वर्षे

मे १९७७ मध्ये प्रदर्शित झालेल्या पहिल्या चित्रपटात ल्यूक स्कायवॉकर हा तरुण नायक आहे. त्याच्या पित्याचा डार्थ व्हेडर याने विश्वासघात करून वध केला, असे वृद्ध गुरू ओबी-वॉन केनोबी त्याला सांगतो. मे १९८० मध्ये आलेल्या दुसऱ्या चित्रपटाच्या अखेरीस व्हेडर स्वतःच आपण ल्यूकचा पिता असल्याचे सांगतो. त्याच चित्रपटात केनोबी ल्यूकचा शेवटची आशा म्हणून निर्देश करतो, आणि योडा हा त्याचा गुरू आणखी एक जण आहे असे उत्तर देतो. तिसरा चित्रपट मे १९८३ मध्ये आला. म्हणजे व्हेडर खरे बोलला की खोटे, आणि तो दुसरा कोण, हे दोन प्रश्न प्रेक्षकांना तीन वर्षे पुरले.

या काळात चाहत्यांची हस्तमुद्रित नियतकालिके, विज्ञानकथेला वाहिलेली मासिके आणि चाहत्यांची संमेलने यांतून जे तर्क मांडले गेले, त्यांची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. व्हेडर खोटे बोलतो असे म्हणणाऱ्यांचा आधार पात्रस्वभावाचा होता. दुष्ट मनुष्य प्रतिपक्षाला फोडण्यासाठी असत्य बोलणारच, आणि केनोबीसारखा साधुपुरुष शिष्याला फसविणे शक्य नाही, असे त्यांचे म्हणणे. व्हेडरला आवाज देणारा नट जेम्स अर्ल जोन्स याचीही ते वाक्य वाचताना हीच समजूत झाली होती, असे त्याने पुढे सांगितले आहे. उलट पक्षाचा आधार रचनेचा होता. पित्याविषयीचे ल्यूकचे कुतूहल आणि त्याच पित्याविषयीची काकाची अस्वस्थता यांना काही प्रयोजन असले पाहिजे, असे तो पक्ष म्हणे. एक पक्ष पात्रांना माणसे समजून तर्क करीत होता, दुसरा त्यांना कथेचे घटक समजून. साहित्यसमीक्षेत स्वभावचित्रण आणि संविधानक यांपैकी प्राधान्य कोणाचे, हा जो जुना वाद आहे, तोच येथे निराळ्या वेषात चालू होता.

१९८३ साली दुसरा पक्ष विजयी झाला. व्हेडर पिता ठरला, आणि ‘दुसरी व्यक्ती’ म्हणजे लेया ही राजकन्या, ल्यूकची जुळी बहीण, असे निष्पन्न झाले. मग साधुपुरुष असत्य बोलला त्याचे काय? चित्रपटातच केनोबीकडून असा खुलासा करविला आहे की, विशिष्ट दृष्टीने पाहता ते सत्यच होते. व्हेडरच्या उदयाबरोबर त्याच्यातील मूळचा सत्पुरुष नष्ट झाला. या खुलाशात ओढाताण दिसते. ती का दिसते, याचे उत्तर पटकथेच्या इतिहासात आहे.

२. बीज कधी पेरले गेले?

नाट्यशास्त्रात कथावस्तूचे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पाच संधी सांगितले आहेत. मुखसंधीत बीज पेरावयाचे, गर्भसंधीत ते कधी दिसावयाचे व कधी हरपावयाचे, विमर्शात त्यास विघ्न यावयाचे आणि निर्वहणात विखुरलेले सर्व अर्थ एकत्र आणावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. शेवटाविषयी तर्क करणारा प्रत्येक प्रेक्षक, त्याने भरताचे नावही ऐकले नसले तरी, ही व्यवस्था गृहीत धरून चालतो. शेवट म्हणजे आरंभीच्या बीजाचे फळ. सबब बीज नीट ओळखले तर फळ सांगता येईल, असा त्याचा विश्वास असतो.

‘स्टार वॉर्स’च्या बाबतीत हा विश्वास कितपत साधार होता? दुसऱ्या चित्रपटाचा पहिला मसुदा ली ब्रॅकेट या अनुभवी लेखिकेने १९७८ च्या आरंभी पूर्ण केला. त्यानंतर लवकरच, मार्च महिन्यात, तिचे निधन झाले. या मसुद्यात ल्यूकचा पिता व्हेडरहून भिन्न असून आत्मरूपाने पुत्रासमोर प्रकट होतो. ल्यूकला बहीण आहे, परंतु ती लेया नव्हे. तिचे नाव नेलिथ असे आहे. व्हेडर हाच पिता ही कल्पना त्यानंतर खुद्द जॉर्ज लूकसने लिहिलेल्या मसुद्यात प्रथम दिसते. लेयाविषयीचा निर्णय त्याहूनही नंतरचा असावा, याचा पुरावा पडद्यावरच आहे. कारण दुसऱ्या चित्रपटात ती ल्यूकचे जे चुंबन घेते, ते बहिणीचे खास नव्हे.

याचा अर्थ असा की, १९७७ साली केनोबी जेव्हा पित्याच्या वधाची हकीकत सांगतो, तेव्हा चित्रपटापुरती ती अक्षरशः खरी होती. ती असत्य ठरली तीन वर्षांनंतर. ज्या जागा पुढे पूर्वसूचना म्हणून दाखविल्या जाऊ लागल्या, त्या मूळच्या पूर्वसूचना नव्हत्या. शेवटाने मागे वळून त्यांना बीजत्व दिले. पहिल्या चित्रपटाच्या शीर्षकाचीही कथा अशीच आहे. १९७७ साली तो कोणत्याही क्रमांकाशिवाय प्रदर्शित झाला. ‘भाग ४’ हा क्रमांक व ‘अ न्यू होप’ हे उपशीर्षक १९८१ च्या पुनःप्रदर्शनाच्या वेळी जोडण्यात आले. आज हा चित्रपट पाहणाऱ्यास मात्र सारी योजना प्रथमपासून सिद्ध होती असे वाटते.

अभ्यासकाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. पूर्ण झालेल्या कलाकृतीचे विवेचन करताना ‘आरंभीच शेवटाची सूचना आहे’ असे विधान आपण वारंवार करतो आणि त्यावरून कर्त्याच्या पूर्वनियोजनाचे अनुमान काढतो. हे अनुमान सदोष असू शकते. फळ हाती आल्यानंतर बीज सापडतेच. फळ येण्यापूर्वी त्याच जागा वाचकांना कशा दिसत होत्या, हे सांगणारी साधने मात्र दुर्मिळ असतात. आणि अपूर्ण कथेविषयीच्या तर्कांची नोंद हे तसे एक साधन होय.

३. प्रख्यात आणि उत्पाद्य

१९९९, २००२ व २००५ साली प्रदर्शित झालेल्या दुसऱ्या त्रयीने परिस्थिती पार पालटून टाकली. ही कथा आधीच्या चित्रपटांच्या पूर्वीची असल्यामुळे तिचा शेवट सर्वांस ठाऊक होता. अनाकिन स्कायवॉकर हा गुणी मुलगा पुढे व्हेडर होणार, साम्राज्य स्थापन होणार आणि जुळी मुले वेगवेगळ्या घरी वाढणार, यांत तर्कास वाव नव्हता. संस्कृत नाट्यमीमांसकांनी कथावस्तूचे प्रख्यात, उत्पाद्य व मिश्र असे जे प्रकार पाडले आहेत, त्यांचा येथे उपयोग होतो. पहिल्या त्रयीची कथा उत्पाद्य होती. दुसरीची, पहिलीमुळेच, प्रख्यात झाली. रामायणावरील नाटक पाहणारा ‘पुढे काय’ असे विचारीत नाही. ‘हे कसे दाखविले जाईल’ असे विचारतो. या काळातील चाहत्यांची चर्चाही त्याच वळणाने गेली. अधःपतनाचे कारण कोणते, त्यात दोष कोणाचा, आणि आधीच्या चित्रपटांतील अमुक विधानाशी त्याचा मेळ कसा बसणार, हे प्रश्न प्रधान झाले. तर्काची जागा मीमांसेने घेतली, असे म्हणावयास हरकत नाही.

२०१५ साली तिसरी त्रयी सुरू झाली तेव्हा कथा पुन्हा उत्पाद्य झाली. दरम्यान २०१२ साली लूकसने आपली संस्था डिस्ने कंपनीस विकण्याचा करार केला होता. पुढील तीन भागांसाठी त्याने दिलेले आराखडे नव्या मालकांनी स्वीकारले नाहीत. शिवाय १९९० नंतर प्रसिद्ध झालेल्या अनेक कादंबऱ्या व चित्रकथा यांनी कथेचा जो उत्तरभाग रचला होता, तोही २०१४ साली अधिकृत कथेच्या बाहेर असल्याचे जाहीर करण्यात आले. प्रमाणग्रंथ कोणते व प्रक्षिप्त कोणते याचा निर्णय धर्मग्रंथांच्या बाबतीत शतकानुशतकांच्या वादाने होतो. येथे तो एका निवेदनाने झाला. तथापि बाहेर टाकलेले वाङ्मय वाचकांच्या स्मरणातून गेले नाही, आणि पुढील तर्कांत त्याने मोठाच भाग घेतला.

४. रे कोणाची?

तिसऱ्या त्रयीची नायिका रे ही मरुभूमीत टाकून दिलेली मुलगी आहे. तिचे मातापिता कोण, हा प्रश्न २०१५ च्या चित्रपटाने मुद्दामच उघडा ठेवला. चार वर्षे या एका प्रश्नावर जितका ऊहापोह झाला तितका क्वचितच एखाद्या काल्पनिक वंशावळीवर झाला असेल. कोणी तिला ल्यूकची कन्या म्हटले. ल्यूकची तलवार तिला साद घालते, हा त्याचा आधार. कोणी केनोबीची नात म्हटले. तिला होणाऱ्या आभासात केनोबीचा आवाज ऐकू येतो, हा पुरावा. तिच्या तलवारीच्या भोसकण्याची ढब सम्राट पॅल्पटीनसारखी आहे, सबब ती त्याच्या वंशातली, असाही एक पक्ष होता.

२०१७ च्या चित्रपटात, ज्याचा लेखक व दिग्दर्शक रायन जॉन्सन होता, प्रतिनायक कायलो रेन तिला सांगतो की, तुझे आईबाप कोणीही नव्हते. दारूच्या पैशासाठी मुलीला विकणारे ते भंगारवाले होते. येथे १९८० सालचीच स्थिती पुन्हा उत्पन्न झाली. प्रतिपक्षाच्या तोंडी आलेले एक विधान, आणि ते खरे मानावे की नाही हा प्रश्न. यावेळी मात्र आधीचा अनुभव प्रेक्षकांच्या गाठीशी होता. खलपुरुष खरे बोलू शकतो हे १९८३ ने शिकविले होते. आणि या मालेत जन्मरहस्याला नेहमी थोर कुलाचे उत्तर मिळते, हेही त्याच चित्रपटाने शिकविले होते. एकाच पूर्वानुभवातून दोन परस्परविरुद्ध निष्कर्ष निघत होते. डिसेंबर २०१९ मध्ये शेवटचा भाग आला आणि रे ही पॅल्पटीनची नात ठरली. १९८३ साली मेलेला हा सम्राट परत येतो ही कल्पनाही जुन्या वाचकांस नवी नव्हती. १९९१ साली सुरू झालेल्या ‘डार्क एम्पायर’ या चित्रकथेत ती येऊन गेली होती. अधिकृत कथेतून घालविलेले वाङ्मय अशा रीतीने मागील दाराने परत आले.

मग पॅल्पटीनवाद्यांनी बीज अचूक ओळखले होते काय? शेवटच्या भागासाठी प्रथम कॉलिन ट्रेव्हरो याची योजना झाली होती. २०१७ साली तो या कामातून बाहेर पडला. त्याने सहलेखकासह लिहिलेली पटकथा जानेवारी २०२० मध्ये उजेडात आली. तीत रे आणि पॅल्पटीन यांचे कोणतेही नाते नाही. रेची भूमिका करणारी डेझी रिडली हिने २०२० साली सांगितले की, आरंभी केनोबीशी संबंध जोडण्याचा विचार चालू होता, नंतर ती कोणाचीच नव्हती, आणि अखेरच्या चित्रपटाच्या वेळीही उत्तर बदलत राहिले. म्हणजे २०१५ साली केनोबीपक्ष ज्याला पुरावा म्हणत होता, तो बहुधा त्या वेळी खरोखरच पुरावा होता. आणि विजयी पक्षाचा पुरावा त्या वेळी योगायोग होता. पुढे निर्णय फिरला आणि पुराव्यांची किंमतही फिरली.

५. तर्काची परीक्षा

यावरून असे दिसते की, शेवटाशी जुळणे ही तर्काची कसोटी म्हणून अपुरी आहे. ज्या वेळी तर्क केला त्या वेळी शेवट अस्तित्वातच नव्हता. मग त्याचे ज्ञान होणार तरी कसे? तर्कांची छाननी त्यांच्या आधारांवरून करणे अधिक फलदायी ठरते. काही तर्क कथेतील तपशिलांवर उभे असतात. काही संकेतांवर, म्हणजे अशा प्रकारच्या कथा कशा संपतात या अनुभवावर. काही कथेबाहेरच्या माहितीवर आधारलेले असतात. उदाहरणार्थ, एप्रिल २०१९ मधील जाहिरातपटाच्या अखेरीस पॅल्पटीनचे हास्य ऐकू आले आणि बऱ्याच वादांचा निकाल तेथेच लागला. आणि काही केवळ इच्छेचे रूप असतात. प्रत्यक्षात हे चारही प्रकार मिसळलेले आढळतात.

विज्ञानकथेत पहिला प्रकार विशेष बळावतो. वास्तववादी कथेत जगाचे नियम वाचकास आधीच ठाऊक असतात. विज्ञानकथेत ते त्याला ठिकठिकाणच्या सूचनांवरून स्वतः बांधावे लागतात. मेलेला परत येऊ शकतो काय, मनुष्याची प्रतिकृती करता येते काय, शक्ती वंशाने मिळते की साधनेने, हे त्याला पाहता पाहता ठरवावे लागते. नियम अनुमानाने बांधण्याची ही सवय साहजिकच शेवटापर्यंत पोहोचते. परंतु नियम जितके लवचीक, तितका कोणताही शेवट शक्य, आणि कोणताही शेवट शक्य असला की तर्काला अर्थ उरत नाही. म्हणूनच या क्षेत्रातील जाणते चाहते आपल्या कल्पनेवर स्वतःच बंधने घालतात. जो शेवट अधिकाधिक विखुरलेले तपशील एकत्र आणील आणि आधीच्या कमीत कमी गोष्टींना खोटे पाडील, तो उत्तम, असा अलिखित नियम त्यांच्या वादांत दिसतो. निर्वहणाच्या व्याख्येपासून हा नियम फारसा दूर नाही. क्षेमेंद्राच्या भाषेत ही औचित्याची कसोटी होय. या कसोटीने पाहता एखादा तर्क चुकूनही उचित असू शकतो, आणि एखादा शेवट अधिकृत असूनही अनुचित असू शकतो.

येथे एक शंका संभवते. सर्वांच्या तर्कास उतरणारा शेवट नीरस होणार नाही काय? निर्वहणात अद्भुत रसाची योजना करावी असे भरताने सांगितले आहे, आणि फ्रँक कर्मोड याने ‘द सेन्स ऑफ ॲन एंडिंग’ या १९६७ च्या ग्रंथात अपेक्षेचा भंग करून अखेर तिच्याशी पुन्हा संवादी होणे हेच कथेच्या कलाटणीचे मर्म मानले आहे. दोन्ही मतांचा आशय असा की, शेवट अनपेक्षित असावा, परंतु आल्यावर तोच योग्य वाटावा. १९८० ची कलाटणी ही अट पुरी करते. पूर्वनियोजन नसतानाही ती आधीच्या तपशिलांना अधिक खोल अर्थ देते. २०१९ चा शेवट ती तितक्या प्रमाणात पुरी करीत नाही. कुल नसलेल्या मुलीलाही थोरपण लाभू शकते, असा जो अर्थ २०१७ च्या भागाने दिला होता, तो या शेवटाने काढून घेतला आणि त्याच्या बदल्यात एक वंशवृक्ष दिला. दोन्ही ठिकाणी निर्णय मागाहून झाला. एका ठिकाणी त्या निर्णयाने पूर्वकथा समृद्ध केली, दुसऱ्या ठिकाणी तिचा संकोच केला.

६. तर्क आणि हक्क

हेन्री जेन्किन्स याने ‘टेक्स्चुअल पोचर्स’ या १९९२ च्या ग्रंथात चाहत्यांकडे निष्क्रिय ग्राहक म्हणून न पाहता अर्थ घडविणारे वाचक म्हणून पाहिले. वरील विवेचन त्या मतास पोषकच आहे. तथापि या व्यवहाराची एक काळी बाजूही आहे. दीर्घकाळ जोपासलेला तर्क हळूहळू हक्काचे रूप घेतो. २०१७ च्या भागाने अनेकांच्या कल्पना मोडल्या. त्यावर जी टीका झाली तीत मार्मिक समीक्षाही होती. परंतु त्याच वातावरणात केली मेरी ट्रॅन या नटीवर वंश व स्त्रीत्व यांवरून इतकी अभद्र गरळ ओकली गेली की, २०१८ साली तिने एका समाजमाध्यमावरील आपले सर्व लेखन काढून टाकले. कथेच्या शेवटाविषयीचा मतभेद आणि जिवंत माणसाचा छळ यांत कोणताही तार्किक संबंध नाही. ‘ही कथा अशी संपणे उचित’ हे विधान ‘ही कथा मला हवी तशीच संपली पाहिजे’ या मागणीत जेव्हा मिसळते, तेव्हा पहिल्याचे समीक्षामूल्य नष्ट होते.

अपूर्ण कथेविषयीचा तर्क हे भविष्यकथन नव्हे. आतापर्यंतच्या कथेने काय काय कबूल केले आहे, याचे ते वाचन असते. १९८० ते १९८३ या काळातील एखादे जीर्ण नियतकालिक आज हाती आले, तर त्यातील भाकिते किती चुकली हे मोजण्यात फारसा लाभ नाही. लेया ही केवळ राजकन्या होती, व्हेडर कदाचित केवळ खोटारडा होता आणि ल्यूकला आणखी कोणीही भावंड असू शकत होते, अशा एका काळी प्रेक्षकांनी ती कथा कशी वाचली, हे त्यातून कळते. पूर्ण झालेली कथा ही माहिती देऊ शकत नाही. कारण तिने आपले इतर सर्व संभाव्य शेवट स्वतःच पुसून टाकलेले असतात.